सामाजिक सुलभीकरण (क्रीडा)

सामाजिक सुलभीकरण : आपल्याकडे कोणी पाहत आहे किंवा शेजारी दुसरा कोणी तेच काम करीत आहे, एवढ्यानेच माणसाच्या कामगिरीत होणारा बदल. नावात ‘सुलभ’ असले तरी कामगिरी खालावण्याचे प्रकारही याच सदरात मोडतात. ही संज्ञा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्लॉइड ऑलपोर्ट यांनी १९२० च्या दशकात रूढ केली. तिच्यामागील निरीक्षणे मात्र त्याहून जुनी असून त्यांचा उगम क्रीडाक्षेत्रात, सायकलशर्यतींत आहे.

उगम : बहुतेक पाठ्यपुस्तके या विषयाचा आरंभ नॉर्मन ट्रिप्लेट यांच्या १८९८ च्या निबंधापासून धरतात. स्वतः सायकलशौकीन असलेले ट्रिप्लेट त्या वेळी इंडियाना विद्यापीठात होते. त्यांनी अमेरिकेतील १८९७ च्या हंगामातील अधिकृत नोंदी तपासल्या. २५ मैलांच्या अंतरात एकट्याने घड्याळाविरुद्ध धावणाऱ्यांना मैलामागे सरासरी सुमारे २ मिनिटे ३० सेकंद लागत. पुढे गती लावणारी सायकल असली की हा वेळ सुमारे १ मिनिट ५५ सेकंदांवर येई आणि सोबत प्रतिस्पर्धीही असला, तर सुमारे १ मिनिट ५० सेकंदांवर.

या फरकाची जी कारणे तेव्हा सांगितली जात, ती सारी ट्रिप्लेट यांनी नोंदविली आहेत. पुढच्या सायकलीमागे निर्माण होणारी हवेची ओढ, वाऱ्यापासून मिळणारा आडोसा, सोबत्याचे प्रोत्साहन, पुढे राहणाऱ्याच्या मनावरील वेग ठरविण्याचा ताण, फिरत्या चाकाकडे एकटक पाहिल्याने येणारी संमोहनसदृश अवस्था, इत्यादी. त्यांचा स्वतःचा कल ‘शक्तिजनक’ घटकाकडे होता : दुसऱ्याची हालचाल दिसताच शरीरातील सुप्त शक्ती मोकळी होते, असे त्यांचे म्हणणे. ही कल्पना त्यांच्या आधी फ्रेंच शरीरक्रियाविज्ञानात प्रचलित होती. आज पाहता गती लावणाऱ्या सायकलीमुळे होणाऱ्या फायद्याचा मोठा वाटा वाऱ्याच्या आडोशालाच द्यावा लागतो. शिवाय तिन्ही प्रकारांत उतरणारे स्वार तेच नव्हते, त्यामुळे या आकड्यांवरून मनोव्यापारांविषयी फारसे काही सिद्ध होत नाही.

म्हणून त्यांनी मुलांवर प्रयोग केला. मासे पकडण्याच्या गळाच्या रिळांपासून केलेल्या यंत्रावर दोरीला शिवलेले लहान निशाण चार मीटरच्या मार्गावर चार फेऱ्या फिरवायचे, कधी एकट्याने तर कधी जोडीने. ज्या ४० मुलांचे निकाल त्यांनी तपशिलाने दिले, त्यांपैकी २० स्पर्धेत जलद झाली, १० अतिउत्तेजित होऊन मंदावली व १० जणांवर फारसा परिणाम झाला नाही. नंतरच्या लेखनात पहिल्या २० मुलांचीच गोष्ट उरली. मायकेल स्ट्रूब यांनी २००५ मध्ये हेच आकडे आधुनिक सांख्यिकीने पुन्हा तपासले, तेव्हा स्पर्धेच्या परिणामाला अगदीच तुटपुंजा आधार मिळाला. ‘सामाजिक मानसशास्त्रातील पहिला प्रयोग’ हा मानही वादग्रस्त आहे. माक्सिमिलियां रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने एकट्याने व गटाने दोर ओढण्याची मोजमापे १८८० च्या दशकातच घेतली होती, पण ती १९१३ मध्ये प्रसिद्ध झाली. ट्रिप्लेट यांचे महत्त्व त्यांच्या निष्कर्षापेक्षा, मैदानावरचा प्रश्न प्रयोगशाळेत नेण्याच्या त्यांच्या पद्धतीत आहे, असे मानणे अधिक योग्य ठरेल.

उपपत्ती : पुढील अनेक दशकांत निष्कर्ष परस्परविरोधी येत गेले. १९६५ मध्ये रॉबर्ट झायन्स यांनी त्यांचा मेळ घातला. इतरांच्या उपस्थितीने उद्दीपन (शरीर-मनाची उत्तेजित अवस्था) वाढते व उद्दीपनामुळे अंगवळणी पडलेली, प्रभावी प्रतिक्रिया उसळून वर येते. घोटलेल्या कौशल्यात ती बहुधा बरोबर असते, नवख्याच्या बाबतीत बहुधा चुकीची. १९६९ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी झुरळांवर केलेल्या प्रयोगात, इतर झुरळे ‘पाहत’ असताना सरळ मार्गावर झुरळे जलद धावली, तर वळणाच्या मार्गावर मंदावली. निकोलस कॉट्रेल यांच्या मते मात्र नुसती उपस्थिती पुरत नाही, तर आपले मूल्यमापन होत असल्याची धास्ती हवी. तिसरे मत लक्ष विभागले जाण्यावर भर देते. खेळाडूंच्या बाबतीत कॉट्रेल यांचा मुद्दा दुर्लक्षिता येत नाही, कारण मैदानावरचा प्रेक्षक क्वचितच तटस्थ असतो.

क्रीडेतील सर्वाधिक उद्धृत पुरावा १९८२ चा, बिलियर्डच्या टेबलावरील पूल या खेळाचा आहे. चौघे निरीक्षक जवळ येऊन उभे राहिल्यावर चांगल्या खेळाडूंचे यशस्वी फटके ७१ टक्क्यांवरून ८० वर गेले, कच्च्या खेळाडूंचे ३६ वरून २५ वर घसरले. खेळाडू अवघे बारा होते, हे ध्यानात ठेवावे लागते. बाँड व टायटस यांनी १९८३ मध्ये २४१ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात कामगिरीतील फरकांपैकी फारच थोडा भाग, ०.३ ते ३ टक्के, इतरांच्या उपस्थितीमुळे असल्याचे आढळले. अर्थात शर्यतीचा निकाल सेकंदाच्या अंशावर ठरतो, तेथे एवढा भागही गौण म्हणता येत नाही.

घरचे मैदान : पाठिंबा देणारा प्रेक्षकवर्ग नेहमी उपकारकच ठरतो का, यावर मतभेद आहेत. बाउमायस्टर व स्टाइनहिल्बर यांनी १९८४ मध्ये बेसबॉलच्या अंतिम मालिकांवरून, निर्णायक सामन्यात यजमान संघ दबावाखाली ढेपाळतो असे मांडले. १९९५ मध्ये श्लेंकर व सहकाऱ्यांनी पुढील वर्षांचे सामने धरून हा परिणाम टिकत नसल्याचे दाखविले. १६ मे २०२० पासून जर्मनीची बुंडेसलिगा ही फुटबॉल स्पर्धा प्रेक्षकांविना पुन्हा सुरू झाली, तेव्हा अनायासे एक प्रयोगच घडला. यजमानांचा वरचष्मा कमी झाला आणि पाहुण्या संघांना अधिक पिवळी कार्डे (ताकीद) दाखविण्याकडे असलेला पंचांचा कलही ओसरला. घरच्या मैदानाचा काही लाभ खेळाडूंच्या प्रेरणेतून नव्हे, तर पंचांवरील दबावातून येतो, या मताला त्यामुळे बळ मिळाले.

सांघिक प्रयत्न : ज्या कामात प्रत्येकाचा वाटा वेगळा मोजला जात नाही, तेथे उलट प्रवृत्ती आढळते. रिंगेलमान यांच्या मोजमापांत आठ जणांच्या गटात दरडोई ओढ जवळजवळ निम्म्यावर आली होती. या घटीचे मुख्य कारण त्यांनी ताळमेळाच्या अभावात शोधले. प्रयत्नच कमी होतात, हे १९७० च्या दशकातील प्रयोगांनी दाखविले व त्याला ‘सामाजिक आळस’ म्हटले गेले. याउलट ओटो कोहलर यांनी १९२० च्या दशकात बर्लिनमधील नौकाचालकांकडून वजने उचलून घेतली, तेव्हा बलवान जोडीदारासोबत दुबळा सदस्य एकट्यापेक्षा अधिक काळ टिकला. मात्र जोडीतील ताकदीचा फरक मध्यम असेल तेव्हाच हा लाभ मोठा होता. फरक फार वाढला की लाभ घटे.