पार्श्वभूमी : मायणी – अभयारण्य की संवर्धन राखीव?

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातल्या मायणी तलावावर थंडीत पक्षी पाहायला निघालेला माणूस आजही ‘अभयारण्यात चाललोय’ असंच सांगतो. गेली कित्येक वर्षं हा शब्द बातम्यांत आहे आणि गावाच्या तोंडीही आहे. कायद्याच्या कागदावर मात्र मायणीला संरक्षण मिळालं ते २०२०-२१ मध्ये, आणि तेही ‘पक्षी संवर्धन राखीव’ म्हणून.

तलाव ब्रिटिश अमदानीतला, सिंचनासाठी बांधलेला. पर्जन्यछायेतल्या या पट्ट्यात पाणी अडलं, गाळ साठला, उथळ कडा तयार झाल्या, काठाला बाभळी वाढल्या. पक्षी त्यामागून आले.

दोन शब्दांतला फरक नीट समजून घ्यायला हवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्य करायचं तर हद्दीतल्या जमिनीच्या, चराईच्या हक्कांची चौकशी होते, प्रत्येक दाव्यावर निर्णय द्यावा लागतो. संवर्धन राखीव ही तरतूद २००२ च्या दुरुस्तीने आली. ती फक्त सरकारी मालकीच्या क्षेत्राला लागू होते, आधी स्थानिकांशी विचारविनिमय करावा लागतो आणि ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी सल्लागार समितीत बसतात. आग लावणं, घातक रसायनं वापरणं यांना बंदी येते. शिकारीला तर देशभर बंदी आहेच. ज्या तलावावर गावाची शेती आणि गुरं अवलंबून आहेत, त्याला हाच दर्जा योग्य होता. उशीर झाला तो ‘अभयारण्य आहेच की’ या समजामुळे. जे आधीच मिळालंय असं वाटतं, ते कोणी मागत नाही.

घोषणेनंतरही मुख्य प्रश्न उरला आहे तो पाण्याच्या पातळीचा. रोहित, म्हणजे आपला अग्निपंख (फ्लेमिंगो), चोच उलटी बुडवून चिखल गाळत खातो. त्याला पोटरीभर, फार तर गुडघाभर पाणी लागतं. पूर्वी पावसाळ्यात भरलेला तलाव थंडीपर्यंत ओसरायचा आणि कडा उघड्या पडायच्या. कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी भागाला देणाऱ्या टेंभू उपसा योजनेचं पाणी आल्यावर ऐन हिवाळ्यातही तलाव भरलेला दिसू लागला. दुष्काळ सोसलेल्या शेतकऱ्याला हे पाणी नको म्हणा, असं कोणत्या तोंडाने सांगणार? पण पाणी सोडणारं खातं वेगळं, पक्षी राखणारं वेगळं, आणि किती पाणी कोणत्या महिन्यात, हे दोघांनी एकत्र बसून ठरवायला हवं. ते ठरत नाही तोवर राखीवचा दर्जा काठापुरताच.

म्हणून हल्ली रोहित पाहायचे तर खटाव तालुक्यातलंच येरळवाडी धरण किंवा सूर्याचीवाडीचा तलाव आधी गाठावा. चक्रवाक आणि थापट्या ही बदकं, तसंच तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंस) यांच्यासाठीही कानटोपी घालून उजाडायच्या आत भरावावर पोहोचावं. पट्टकदंब बहुधा रात्री शेतांत चरतात आणि सकाळी पाण्याकडे परततात.