फूशिमी इनारी
जपानमधील क्योतो शहराच्या दक्षिण भागातील प्राचीन शिंतो (जपानचा मूळ धर्म) देवस्थान. देशभरातील सुमारे ३०,००० इनारी देवळांचे मूळ पीठ. इनारी ही आधी भातपिकाची आणि पुढे व्यापारउदिमाचीही देवता. देवालये इनारी डोंगराच्या (उंची २३३ मी.) पायथ्यापासून माथ्यापर्यंत विखुरलेली आहेत.

स्थापनेचे साल परंपरेने ७११ धरतात; ते जपूनच घ्यावे. हाता कुळातील इरोगु या धनाढ्य पुरुषाने भाताच्या गोळ्यावर नेम धरून बाण मारला, गोळ्याचा शुभ्र पक्षी होऊन तो डोंगरमाथ्यावर उतरला आणि तिथे भात उगवला, अशी कथा आहे. यामाशिरो (क्योतोचा परिसर) प्रांताच्या जुन्या वृत्तांतातील ही कथा आज केवळ नंतरच्या ग्रंथांतील अवतरणरूपाने उपलब्ध असून तीत सालाचा निर्देश नाही. हाता हे जपानबाहेरून आलेले कुळ. शिखरांवर प्राचीन दफनटेकड्यांचे अवशेष आहेत. तेव्हा डोंगराचे पावित्र्य आधीचेच असून हाता कुळाने तेथील पूजा आपल्याकडे घेतली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

इ. स. १००० च्या सुमारास राणीच्या सेवेतील लेखिका सेइ शोनागोन हिने येथील चढणीचे वर्णन केले आहे. ती स्वतः थकून रडकुंडीला आलेली असताना चाळिशीपुढची एक बाई सातांपैकी तीन फेऱ्या पुऱ्या करून खाली उतरत होती.

ओनिन या यादवी युद्धात देवस्थान १४६८ मध्ये जळाले. सध्याचे मुख्य देवालय १४९९ चे. दुमजली महाद्वार सोळाव्या शतकाअखेरचा जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने आईच्या आजारपणात केलेल्या नवसाचे, अशी आख्यायिका होती. १९७३ च्या दुरुस्तीत १५८९ चा शाईने लिहिलेला लेख सापडल्याने तिला दुजोरा मिळाला.

कोल्हा हा इनारीचा दूत, देव नव्हे. लोकसमजुतीत हा भेद फारसा उरत नाही. भारतीय डाकिनी शिंगोन बौद्ध पंथामार्फत जपानमध्ये दाकिनीतेन झाली. कोल्ह्यावर आरूढ असलेल्या या देवीची इनारीशी सांगड घातली गेली. १८६८ नंतर शिंतो व बौद्ध उपासना सक्तीने वेगळ्या केल्यावर येथील बौद्ध मठ नाहीसा झाला.

दर्शनाची रीत इतर शिंतो देवळांसारखीच: हात-तोंड धुणे, दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, पुन्हा एक नमस्कार. प्रवेशशुल्क नाही. डोंगरवाटेवरील सुमारे १०,००० शेंदरी तोरणद्वारे भक्तांनी व व्यापारी पेढ्यांनी अर्पण केलेली आहेत. ही चाल एदो काळात (१६०३–१८६८) रूढ झाली. अर्पणकर्त्याचे नाव व तारीख खांबाच्या मागील बाजूस कोरतात, त्यामुळे ती उतरताना वाचता येतात. लाकूड कुजले की द्वार बदलतात.