यॉटवरची नोकरी : आंतीबचा धक्का आणि मुंबईचा घाट सारंग

दरवर्षी ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन असतो. १९१९ साली त्या तारखेला 'लॉयल्टी' नावाची आगबोट मुंबईहून लंडनला निघाली, आणि भारतीय कंपनीच्या जहाजानं परदेशी वाहतुकीत उतरण्याची ती सुरुवात मानली जाते. ही बोट त्याआधी ग्वाल्हेरच्या महाराजांची होती, हे आता ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांतही फारसं कुणाला ठाऊक नसतं. मूळची ती कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची 'एम्प्रेस ऑफ इंडिया', १८९१ पासून पॅसिफिक महासागरात फेऱ्या मारणारी. पहिलं महायुद्ध पेटल्यावर १९१४च्या अखेरीस माधवराव शिंद्यांनी ती घेतली, जखमी भारतीय सैनिकांसाठी तिचं इस्पितळ-जहाज झालं आणि नाव पडलं 'लॉयल्टी'. युद्धानंतर वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या भागीदारांनी ती विकत घेतली. त्या व्यवहारातूनच त्यांच्या जहाज कंपनीला 'सिंदिया' हे नाव मिळालं. संस्थानाला समुद्रकिनारा औषधालाही नव्हता, पण राजघराण्याचं नाव पुढे विशाखापट्टणच्या गोदीलाही लागलं.

हे आठवायचं कारण असं, की गेली काही वर्षं लष्करातली पोरं यॉटवरच्या, म्हणजे धनिकांच्या मौजेच्या बोटींवरच्या, नोकऱ्यांची चौकशी करू लागली आहेत. शहरात इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट आहे. तिथून शिकून बाहेर पडलेले गोवा, दुबई आणि मग क्रूझ अशा वाटेनं जातात, हे घरोघरी रुळलं आहे. यॉट मात्र रील्समधून आली. फ्रान्सच्या किनाऱ्यावर पांढऱ्या पोलो शर्टातला तरुण, मागे आरशासारखी चकचकीत बोट, आणि सल्ला असा की बायोडेटा घेऊन धक्क्यावर चक्कर मारा, काम मिळतंच. रीलच्या मागोमाग एजंट येतो. नया बाजारातल्या एका मुलानं मला फोनवर नेमणुकीचं पत्र दाखवलं. वर नांगराचं चित्र, खाली गोल शिक्का, इंग्रजी ठसठशीत. पगाराचा आकडा होता, विसाच्या 'प्रोसेसिंग'चे पैसे तीन दिवसांत भरायचा खाते क्रमांक होता, आणि खातं कुणा व्यक्तीच्या नावावर होतं. "काका, खरं वाटतंय ना?" पत्रात बोटीचं नावच नव्हतं. ती कुठल्या देशाच्या झेंड्याखाली नोंदलेली आहे, तेही नव्हतं.

रीलमधली गोष्ट खोटी नाही. फक्त ती दुसऱ्यांची आहे. आणि एजंट तर शंभर वर्षांहून जुना आहे.

आधी यॉटकडे पाहू. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स इंग्लंडच्या गादीवर परतला तेव्हा ॲमस्टरडॅमकरांनी त्याला 'मेरी' नावाची यॉट भेट दिली, आणि मौजेखातर बोट बाळगायचं वेड तिथल्या बड्या लोकांत शिरलं. १८१५ साली त्यांचा क्लब निघाला, तोच पुढे रॉयल यॉट स्क्वाड्रन झाला. आपल्याकडे मुंबईत गोऱ्या साहेबांनी १८४६ मध्ये यॉट क्लब काढला. मालक लोक उमराव असले तरी दोर ओढायला माणसं लागतच. एकोणिसाव्या शतकात ती यायची एसेक्सच्या किनाऱ्यावरच्या वायव्हनहो, ब्राइटलिंगसी, टोल्सबरी अशा कोळ्यांच्या गावांतून. हिवाळ्यात मासेमारी आणि उन्हाळ्यात यॉट, असं त्यांचं वर्ष. भरती कशी होई? गावातला एखादा कप्तान यॉटवर लागला की तो आपले भाऊ, भाचे, शेजारी घेऊन जाई. जाहिरात नाही, कार्यालय नाही. अमेरिकेतही तीच तऱ्हा. १८९५च्या अमेरिकाज कप या शर्यतीसाठी 'डिफेंडर' यॉटवर मेन राज्यातल्या डियर आइल बेटावरचे खलाशी घेतले. त्याआधी तिकडच्या शर्यतीच्या यॉटवर बहुतेक स्कँडिनेव्हियन असत. ओळख हीच पात्रता, ही रीत तेव्हापासूनची.

दुसऱ्या महायुद्धानंतर ती जुनी दुनिया बुडाली आणि धंदा दुसऱ्याच वाटेनं उभा राहिला. १९४९ मध्ये व्हर्नन निकल्सन हे निवृत्त ब्रिटिश नौदल अधिकारी कुटुंबासह 'मॉलीहॉक' या शिडाच्या बोटीतून कॅरिबियन समुद्रातल्या अँटिग्वा बेटावर पोचले. जवळच्या क्लबात उतरलेले श्रीमंत पाहुणे 'आम्हाला फिरवून आणा, पैसे देतो' म्हणू लागले, आणि त्यातून तिथला चार्टरचा, म्हणजे यॉट आठवड्याच्या भाड्यानं द्यायचा धंदा वाढला. माझ्या मते सगळ्यात मोठा बदल हाच. मालक एकटा असतो तेव्हा खलाशाला बोट चालवता आली की पुरे. भाडं भरून पाहुणा आला की बोटीचं हॉटेल होतं, आणि वाढपी, आचारी, खोल्या आवरणारे असा सगळा फौजफाटा लागतो.

पैसाही तसाच आला. ग्रीक जहाजमालक ओनासिसनं कॅनडाच्या नौदलाची जुनी फ्रिगेट घेऊन १९५४ मध्ये तिची 'क्रिस्टिना' केली. १९८० साली सौदी व्यापारी अदनान खशोगीची 'नबिला' तयार झाली, ८६ मीटर लांबीची. एवढी बोट भावाभाच्यांवर चालत नाही. मग माणसं कुठे मिळणार? तर जिथे बोटी हिवाळ्यात उभ्या राहतात तिथे. फ्रान्समधलं आंतीब, स्पेनचं पाल्मा, अमेरिकेतलं फोर्ट लॉडरडेल, या तीन गावांत खलाशांचे अड्डे जमले. मे ते सप्टेंबर भूमध्य समुद्र, हिवाळ्यात कॅरिबियन, असा हंगाम ठरून गेला. हंगाम तोंडावर आला की आंतीबच्या पोर्ट व्हॉबाँमध्ये नवशिकी पोरं सकाळी आठच्या आत धक्क्यावर हजर होत, कारण त्या वेळी डेकवरची माणसं बोट धूत असतात आणि बोसन, म्हणजे डेकचा मुकादम, समोर भेटतो. नाव सांगायचं, बायोडेटा द्यायचा, "आजच्या दिवसाचं काम आहे का?" विचारायचं. दिवसभर खरडून-पुसून दाखवलं आणि पसंत पडलं, तर संध्याकाळी कायमची जागा. यालाच डॉकवॉक म्हणतात. यात ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे आणि दक्षिण आफ्रिकेचे तरुण जास्त, कारण पाहुण्यांची भाषा इंग्रजी. शिवाय यातल्या बहुतेकांना युरोपात शिरायला फार कागद लागत नसत.

कामाबद्दल रील काहीच सांगत नाही. सागवानी डेकवर कुणी बूट घालून चढत नाही. फळीच्या तोंडाशी टोपली ठेवलेली असते, पाहुण्यानं चपला त्यात टाकायच्या. बोट गोड्या पाण्यानं धुतली की लगेच शॅमीच्या फडक्यानं टिपून काढायची, नाहीतर स्टीलवर पाण्याचे डाग राहतात. आतल्या बाजूला नळाच्या बुडाशी साचलेला पांढरा थर कान साफ करायच्या काडीनं काढतात. आणि हे सगळं पाहुण्याला न दिसता. ग्वाल्हेरच्या जयविलास महालातली चांदीची आगगाडी जेवणाच्या टेबलावर मद्याच्या सुरया आणि सिगार घेऊन फिरते, सुरई उचलली की थांबते, ठेवली की पुढे सरकते. स्टुअर्डचं, म्हणजे पाहुण्यांची सरबराई करणाऱ्याचं, काम त्या गाडीसारखं असतं. इंग्लंडच्या राणीच्या 'ब्रिटानिया'वर तर राजघराण्याच्या खोल्यांजवळ खलाशांना हुकूम हातवाऱ्यांनी दिले जात. पगार नवशिक्याला महिना अडीच ते तीन हजार युरोच्या आसपास, खाणं-राहणं बोटीवर, आणि चार्टर असेल तर बक्षिशी वेगळी. भूमध्य समुद्रात भाड्याच्या पाच ते पंधरा टक्के असा तिचा प्रघात आहे, आणि ती सगळ्यांत वाटली जाते.

नव्वदच्या दशकात या मोकळ्याढाकळ्या धंद्याला कायद्याचा लगाम लागला. १९९१ मध्ये आंतीबला यॉटवरच्या व्यावसायिकांची संघटना निघाली. खलाशांच्या प्रशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार एसटीसीडब्ल्यू १९७८चा. तो १९९५ मध्ये कडक झाला. ब्रिटननं १९९७ मध्ये भाड्यानं चालणाऱ्या २४ मीटरवरच्या यॉटसाठी वेगळी संहिता आणली. तेव्हापासून हातात प्रमाणपत्रं नसली तर कप्तान बायोडेटा वाचतही नाही. पाण्यात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार आणि बोटीवरची वैयक्तिक सुरक्षा असे चार छोटे अभ्यासक्रम, वर सुरक्षा-जागृतीचा एक आणि वैद्यकीय तपासणी. हे आपल्या देशातही डीजी शिपिंगनं, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक खात्यानं, मान्य केलेल्या संस्थांत होतं. त्यासाठी आंतीब गाठायला नको.

आता दुसरा धागा, आपल्याकडचा. परदेशी जहाजांवर हिंदी माणूस शतकानुशतकं होताच. ब्रिटिश कंपन्या त्याला लास्कर म्हणत. मुंबईहून निघणाऱ्या बोटींवर डेकचे खलाशी मोठ्या संख्येनं रत्नागिरीकडचे आणि कच्छ-काठेवाडचे, सलून म्हणजे प्रवाशांच्या दिवाणखान्यात आणि भांडारात गोवेकर. सारंगाच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या, हाताखाली तांडेल, मग खलासी, स्वयंपाकघरात भंडारी. यॉटवर आज जी उतरंड दिसते तिची नावं बदलली आहेत, पायऱ्या त्याच. पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, कधी त्याहून कमी. आणि ही नोकरी मिळवण्यासाठी पैसे मोजावे लागत. किनाऱ्यावर घाट सारंग नावाचा दलाल असे. तो खलाशाला उधारीवर ठेवून घेई, जेवू घाली, बोटीवर चढवून देई, आणि पगारातून व्याजासकट वसूल करी. परत आलेला खलाशी पुढच्या नोकरीसाठी पुन्हा त्याच्याच दारात. गोवेकरांनी यावर आपल्यापुरता तोडगा काढला, तो धोबीतलावचे कुड, म्हणजे गावागावाचे क्लब. बोट मिळेपर्यंत स्वस्तात पाठ टेकायची सोय, तीही गाववाल्यांत. कोकणी मुसलमान खलाशांची बिऱ्हाडंही गावकीवरच चालत.

१९२० साली जिनोव्यात भरलेल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेनं ठराव केला, की खलाशाला काम मिळवून देणं हा नफ्याचा धंदा असू नये. १९२२ मध्ये इथल्या सरकारनं नेमलेल्या समितीनंही दलालांची पद्धत मोडावी असं सुचवलं. सूचना कागदावर राहिली. मुंबईत खलाशांचं सरकारी भरती कार्यालय निघायला स्वातंत्र्यानंतरचं दशक उजाडलं. या सगळ्या खस्तांचं सार आजच्या कायद्यात आहे. २००६चा सागरी श्रम करार, एमएलसी, २०१३ पासून जगात लागू झाला आणि भारतानं तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यात स्पष्ट लिहिलं आहे, की नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायचे नाहीत. पासपोर्ट, खलाशाची पुस्तिका आणि वैद्यकीय दाखला एवढाच खर्च त्याचा. विसाचा खर्च मालकाचा, परतीचा प्रवासही मालकाचा. एजन्सीला तिची फी बोटीकडून मिळते. म्हणजे नया बाजारातल्या त्या पत्रातली 'प्रोसेसिंग'ची ओळ हा घाट सारंगाचाच हिशेब आहे, फक्त गुगल पेवर आलेला.

करार नुसता शोभेचा नाही, हे २०१८ मध्ये माल्टात दिसलं. विजय मल्ल्या यांची ९५ मीटरची 'इंडियन एम्प्रेस' तिथे अडकवली गेली, कारण चाळीसहून अधिक खलाशांचे पगार थकले होते, आणि त्यात भारतीयही होते. ब्रिटिश खलाशी संघटना नॉटिलस इंटरनॅशनलनं ही बाजू लढवली. त्याच्या आदल्याच वर्षी करारात एक दुरुस्ती लागू झाली होती : मालकानं बोट वाऱ्यावर सोडली तर चार महिन्यांपर्यंतच्या पगाराचा विमा असलाच पाहिजे. थकलेल्यातली काही रक्कम त्या विम्यातून मिळाली.

डॉकवॉकचं मात्र आपल्या पासपोर्टला जमत नाही. युरोपातल्या शेंगेन गटाच्या देशांचा पर्यटक विसा १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा, आणि त्यावर काम करायची परवानगी नाही. धक्क्यावर पकडला गेला तर पुढचे विसेही धोक्यात. म्हणून लष्करातल्या पोरांसाठी खरी वाट लांबची आहे : इन्डॉस म्हणजे खलाशाचा सरकारी नोंदणी क्रमांक, सीडीसी म्हणजे खलाशाची पुस्तिका, सुरक्षेचे ते अभ्यासक्रम, मग क्रूझवर किंवा आखातातल्या बोटींवर एकदोन करार, आणि तिथल्या कुणाच्या शिफारशीनं यॉट. एसेक्सच्या कोळ्यांपासून चालत आलेली ओळखीची रीत इथे उपयोगी पडते. हॉटेलची पदवी असलेल्याला आतल्या कामात, विशेषतः स्वयंपाकघरात, डेकपेक्षा लवकर शिरकाव होतो. भारतातून खलाशी पाठवणाऱ्या एजन्सीला डीजी शिपिंगचा आरपीएसएल हा भरतीचा परवाना लागतो, आणि परवानाधारकांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर आहे. घरच्या मोठ्यांनी मुहूर्त पाहण्याआधी ती पाहावी.

एक फट मात्र कायद्यात आहे, आणि तिच्याबद्दल एजंट बोलत नाहीत. एमएलसी लागू होतो तो पैसे कमावणाऱ्या जहाजांना. मालक फक्त स्वतःसाठी वापरतो ती खासगी यॉट त्याच्या बाहेर राहू शकते. तिथे पगार, सुट्टी, परतीचं तिकीट हे सगळं करारात जेवढं लिहिलं असेल तेवढंच. त्यामुळे पत्र हातात आलं की पगाराच्या आकड्याआधी तीन गोष्टी शोधायच्या : बोटीचं नाव, झेंडा, आणि ती चार्टरला नोंदलेली आहे की खासगी.