वडिलांची जुनी मोटरबोट नावावर करायचीय? आधी सँडर खाली ठेवा

गणपती गेले, पाऊस ओसरला की दिवाळे, सारसोळे, कोलशेत इकडच्या खाडीकाठी ताडपत्र्या निघायला लागतात. त्यातल्या एखाद्या ताडपत्रीखाली अशी बोट असते जी कित्येक वर्षांत पाण्यात उतरलेली नाही. आजोबांनी घेतली, वडिलांनी चालवली, आणि आता नातू म्हणतो, आपणच नीट करू. उत्साह चांगला आहे. पण पहिल्याच रविवारी तो पॉलिश पेपर आणि प्रायमर घेऊन बसतो, आणि बोट नावावर करायचा अर्ज फेटाळला जायची तयारी तिथूनच होते.

मी स्वतः हेच केलं. आमच्या बोटीच्या आतल्या आडव्या तुळईवर नोंदणी क्रमांक कोरलेला होता. त्यावर रंगाचे चार थर, त्यामुळे मला ते जुने ओरखडे वाटले. घासायचा सँडर फिरवला, तळहातासारखं गुळगुळीत केलं, वर प्रायमर मारला. पुढे तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "नंबर कुठाय?" मी वडिलांचं जुनं नोंदणी पुस्तक पुढे केलं. ते म्हणाले, "पुस्तक ठीक आहे, पण ते ह्याच बोटीचं कशावरून?" या एका प्रश्नात आमचा अख्खा मोसम गेला.

म्हणून आधी फोटो काढा. नाळ (म्हणजे बोटीचं पुढचं टोक), मागची बाजू, आतल्या तुळया, इंजिनाची पट्टी, जिथे जिथे अक्षर किंवा आकडा असू शकेल तिथे. इंजिनावरची पितळी पट्टी बहुधा कधीच निघून गेलेली असते, पण नंबर ब्लॉकवरही ठोकलेला असतो. तो डिझेलच्या फडक्याने पुसून काढा. तारेचा ब्रश नको, उथळ अक्षरं तो खाऊन टाकतो. मग कागद ठेवून वर पेन्सिल घासा, आरटीओत चासी नंबरचा ठसा घेतात अगदी तसा. हा ठसा फाइलमध्ये असला की पुढची निम्मी विचारपूस वाचते. फळ्यांवर नवं फायबर चढवायची घाईसुद्धा करू नका. कार्यालयातर्फे बोट तपासणाऱ्या सर्वेक्षकाला आतलं लाकूड बघायचं असतं. झाकलेलं लाकूड म्हणजे कुजलेलं लाकूड, असं तो धरून चालतो आणि बऱ्याचदा ते खरंच असतं.

कोणत्या कार्यालयात जायचं

बोट मासेमारीची असेल तर मत्स्यव्यवसाय विभाग. तिचा क्रमांक इंग्रजीत आयएनडी-एमएच असा सुरू होतो आणि नोंदणी रियलक्राफ्ट या ऑनलाइन प्रणालीवर असते. हौसेची किंवा प्रवासी बोट असेल तर महाराष्ट्र सागरी मंडळाचं बंदर कार्यालय. खाडी-नदीतल्या यांत्रिक बोटींना आता २०२१ चा अंतर्देशीय जलयान अधिनियम लागू आहे. त्याआधी थेट १९१७ चा कायदा होता, त्यामुळे जुन्या कागदांवर त्याचंच नाव दिसेल. दचकू नका.

तिसरा प्रकार फसवा आहे. घरात 'बॉम्बे पोर्ट ट्रस्ट'चा शिक्का असलेला कागद सापडतो आणि सगळे खूश होतात. तो बऱ्याचदा बंदराच्या हद्दीत बोट चालवायचा परवाना असतो, मालकीची नोंद नव्हे. पोर्ट ट्रस्टचं आता मुंबई बंदर प्राधिकरण झालं आहे. तो कागद टाकू नका, पुरावा म्हणून जोडा, पण त्याच्या जिवावर मालकी मागायला जाऊ नका.

मासेमारीची बोट हौसेसाठी वापरायची असेल तर आधीची नोंद रद्द करून घ्यावी लागते, आणि इथे एक जुनं भूत उठतं. कर्जाचं. कितीतरी यांत्रिक नौका मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत मिळालेल्या कर्जावर बांधल्या गेल्या. हप्ते फिटले असतील, पण बोजा उतरवायला कुणी गेलेलं नसतं. संस्थेकडून थकबाकी नसल्याचा दाखला आधी घ्या. संस्थेचे सचिव बदलायच्या आत घ्या.

वारसांचा कागद

सगळ्यात जास्त अर्ज इथे परत येतात. लोक मृत्यूचा दाखला, आधार आणि दोन फोटो घेऊन जातात. खिडकीवरून सांगतात, "सक्सेशन सर्टिफिकेट आणा." माणूस वकील गाठतो, पैसे भरतो. मुळात उत्तराधिकार प्रमाणपत्र हे येणी आणि रोख्यांसाठी असतं: बँकेतले पैसे, शेअर वगैरे. बोट त्यात बसत नाही. आपल्याकडे दिवाणी न्यायालय १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली वारसा प्रमाणपत्र देतं, ते वेगळं. आणि घरात वाद नसेल तर न्यायालयात जायच्या आधी कार्यालयाला लेखी विचारा, की सर्व वारसांची प्रतिज्ञापत्रं आणि संमतीपत्रं चालतील का. तोंडी उत्तरावर विसंबू नका. खिडकीवरचा माणूस बदलला की उत्तरही बदलतं.

संमती कोणाकोणाची? वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि वडिलांची आई, सगळे पहिल्या वर्गाचे वारस. भाऊ भावाची सही आणतात, लग्न होऊन ऐरोलीला गेलेल्या बहिणीची आणत नाहीत. "तिला कशाला त्रास?" तिला त्रास नाही, तिचा हिस्सा आहे. आणि आजी हयात असेल तर तिला सगळेच विसरतात. नव्वदीच्या आजीचा अंगठा घ्यायचा असेल तर नोटरीला घरी बोलवा, तिला रिक्षात घालून तहसीलला नेऊ नका. परदेशातल्या भावाचं संमतीपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून मागवा. व्हॉट्सॲपवर आलेला स्कॅन चालत नाही.

आडनावाचा घोळ तर आपल्या गावांचं खास वैशिष्ट्य. जुन्या नोंदवहीत वडील 'कोळी', रेशनकार्डावर 'पाटील', मृत्यूच्या दाखल्यात नुसतं नाव आणि वडिलांचं नाव. मग कुणीतरी सांगतं, गॅझेट करा. गॅझेट जिवंत माणसाच्या नावबदलाचं असतं. गेलेल्या माणसाचं नाव आता कोण बदलणार? इथे 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र लागतं आणि सोबत जुनं रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा, ज्यात वडिलांचं आणि आजोबांचं नाव जुळतं असं काहीही. तीन कागद एकमेकांना धरून असले की आडनाव सुटं पडलं तरी चालून जातं.

आणि स्टॅम्प पेपर. शासकीय कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, १ जुलै २००४ च्या शासन आदेशाने. तरी समोरचा "पाचशेचा स्टॅम्प लागेल" म्हणतो. भांडायचं तर आदेशाची प्रत हातात ठेवून भांडा. हक्कसोड पत्र किंवा हमीपत्र मात्र या माफीत येत नाही. त्याला शुल्क लागतं. दोन्हींची गल्लत करून आपणच वाद ओढवून घेतो.

सर्वेक्षण आणि ते 'बांधणी प्रमाणपत्र'

क्रम असा: आधी सर्वेक्षण, मग नोंदणी. लोक उलटं समजतात. लागणाऱ्या कागदांच्या यादीत 'बांधणी करणाऱ्याचं प्रमाणपत्र' असं दिसतं. ज्या सुतार मिस्त्रीने १९८० च्या सुमारास बोट बांधली त्याने ना नकाशा काढला ना पावती दिली. डोळ्याने मोजून बांधली, आणि ती चाळीस वर्षं तरंगली. आता त्याच्या सहीचा कागद कुठून आणणार? नौका-रचनाकाराकडून आहे त्या बोटीचं मोजमाप आणि रेखाचित्र करून घ्या, सोबत स्वतःचं प्रतिज्ञापत्र द्या, आणि हे ग्राह्य धराल का, असं काम देण्याआधीच कार्यालयाला पत्राने विचारा. खर्च बोटीच्या लांबीवर नाही, रचनाकाराच्या मनावर असतो, म्हणून दोन ठिकाणी विचारा.

इंजिन बदललं असेल तर सांगा. जुन्या डिझेल मशीनच्या जागी आऊटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) लावला आणि कागदावर जुनाच अश्वशक्तीचा आकडा, हे लपत नाही. पावती तुमच्या नावाची हवी, दुकानदाराच्या मेव्हण्याच्या नाही. जीवरक्षक जाकिटं, पाण्यात फेकायची तरंगती कडी, अग्निशामक, डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा दिवा, हे सगळं तपासणीच्या दिवशी बोटीवर हवं, घरच्या माळ्यावर नको. विमाही लागतो. शुल्क ऑनलाइन भरा, पावती छापा.

वेळेचं गणित मात्र बघा. तळ बघायला बोट जमिनीवर हवी आणि चाचणीला पाण्यात. एप्रिलअखेरीस अर्ज टाकणारा जूनमध्ये अडकतो. गेटवे-मांडव्याच्या लाँचसुद्धा पावसाळ्यात बंद असतात, तुमच्या चाचणीसाठी कोण पाण्यात उतरणार? मासेमारीच्या यांत्रिक नौकांना तर १ जून ते ३१ जुलै बंदीच. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच अर्ज टाका. प्रमाणपत्र कधी हातात मिळालं यावरून मुदत मोजू नका, त्यावर छापलेली संपण्याची तारीख बघा. माझ्या ओळखीच्या एकाने कागद दोन महिने आणलाच नाही आणि वर्ष पुढे सरकलं असं धरून बसला.

नोंदणी झाली म्हणजे खाडीत कुठेही फिरता येतं, हाही गैरसमज. ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधला पश्चिमेचा भाग २०१५ पासून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे वन विभागाची परवानगी वेगळी. दुरुस्तीसाठी बोट कांदळवनात ओढून ठेवणं किंवा जागा करायला चार झाडं तोडणं, हे तर करूच नका. उच्च न्यायालयाने ते २००५ पासून थांबवलेलं आहे, आणि "आमच्या बापजाद्यांची जागा" हे उत्तर तिथे चालत नाही. सुकाणूवर बसणाऱ्यालाही सक्षमतेचं प्रमाणपत्र लागतं. मालकी त्याला पर्याय नाही.

माझा खोडलेला नंबर शेवटी माहितीच्या अधिकाराने सुटला. दहा रुपये शुल्क आणि जुन्या नोंदवहीच्या उताऱ्याची मागणी. अर्जात 'माझ्या वडिलांच्या बोटीची सर्व माहिती' असं लिहिलंत तर 'माहिती मोघम' म्हणून परत येतं. वडिलांचं नाव दोन्ही आडनावांसह, गाव, अंदाजे वर्ष, आणि 'नोंदवहीतील संबंधित पानाची साक्षांकित प्रत' असं लिहा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. मला एकोणतिसाव्या दिवशी पिवळ्या पानाची झेरॉक्स आली: लांबी बावीस फूट, इंजिनाचा नंबर, माझ्याकडच्या पेन्सिलच्या ठशाशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळणारा. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, दोनदा पाहिले आणि शेरा मारला.

प्रत्येक वेळी कागद देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तरी उभे राहा. त्रुटीचं पत्र आलं तर त्यातली मुदत पत्राच्या तारखेपासून आहे की मिळाल्यापासून, ते तिथल्या तिथे विचारा आणि उत्तर पत्रावरच लिहून घ्या.