मेल हॅक झाला, की मेलची नक्कल झाली?

फोन नंदुरबारहून होता. मिरचीचे व्यापारी, वय साठीच्या पुढे, सगळे त्यांना आप्पाच म्हणतात. "भाऊ, मना मेल हॅक व्हयना. आते काय करू?" मागे बायकांचा गलका ऐकू येत होता, पथारीवर मिरची उलटवायचं काम चालू असावं.

झालं असं होतं. इंदूरच्या एका मसालेवाल्याने आप्पांच्या बिलापोटी 4 लाख 86 हजार रुपये आरटीजीएस केले आणि ते आप्पांच्या खात्यात आलेच नाहीत. इंदूरवाला म्हणतो, तुमच्याच मेलवरून नवा खाते क्रमांक आला. आप्पा म्हणतात, मी पाठवलाच नाही. आप्पांनी घाईघाईत पासवर्ड बदलला होता, नातवाच्या नावाचा नवा ठेवला होता, आणि तोही मला फोनवर सांगून टाकला. (तो मग पुन्हा बदलायला लावला.)

जळगावात गोलाणी मार्केटला बसून मी व्यापाऱ्यांच्या टॅलीची, मेलची आणि रुसलेल्या प्रिंटरची कामं करतो. 'हॅक झालं' हा शब्द इथे इतका सरसकट वापरला जातो की त्याखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी दडतात. एकात चोर तुमच्या घरात शिरून तुमच्याच ओट्यावरून बोलतो. दुसऱ्यात तो शेजारी तसंच घर बांधतो, तशीच पाटी लावतो आणि तिथून बोलतो. पैसे दोन्हीत सारखेच जातात, पण उपाय वेगळे, आणि खापर कोणावर फुटणार तेही वेगळं.

आप्पांचं प्रकरण दुसऱ्या जातीचं निघालं. इंदूरवाल्याकडून त्या मेलचा फोटो मागवला. फोटोत वर आप्पांच्या पेढीचं नाव होतं, पत्ता दिसतच नव्हता. मोबाईलवर मेल उघडला की नावच ठळक दिसतं, पत्ता झाकलेला असतो. नाव काय, कोणीही काहीही ठेवतो. मग नावाखाली 'मला' लिहिलेलं असतं, त्याच्या बाजूचा बारीक बाण दाबायला सांगितला. पत्ता उघडला, तरी इंदूरवाला म्हणाला, "हाच तर आहे." आप्पांच्या पत्त्यात इंग्रजीत 'मिरची' येतं, एम पासून सुरू होणारं. मी म्हटलं, पहिलं अक्षर बोटांनी ताणून मोठं करा. फोनवर दोन-तीन सेकंद शांतता. तिथे एम नव्हताच. आर आणि एन शेजारी शेजारी चिकटून बसले होते. लहान अक्षरांत आर-एन जोडून आले की मोबाईलच्या पडद्यावर हुबेहूब एम दिसतो. मलाही आधी कळलं नसतं, फक्त कुठे बघायचं ते माहीत होतं.

असे जोडीदार बरेच आहेत. एल च्या जागी 1, ओ च्या जागी शून्य, शेवटी 'डॉट को डॉट इन' असेल तिथे नुसतं 'डॉट को', कंपनीच्या नावात मध्येच एक आडवी रेघ. एक दिलासा मात्र आहे: जीमेलच्या पत्त्यात नावामधला टिंब मोजलाच जात नाही. तुमच्या जीमेल पत्त्यात कोणी टिंब वाढवला किंवा गाळला तरी तो मेल तुमच्याकडेच येतो, त्यामुळे निव्वळ टिंबाच्या फरकाने तुमची नक्कल होत नाही.

आता पहिली जात. जळगाव एमआयडीसीत चटईचा कारखाना असलेल्या एका शेठचं प्रकरण. त्यांच्याही ग्राहकाला खातं बदलल्याचा मेल गेला होता. तिथे मी अक्षरं चार वेळा तपासली, आणि पत्ता खरा निघाला. तोच पत्ता, तीच जुनी मेलची साखळी, खाली शेठचीच सही, त्यात त्यांचं लाडकं 'प्लीज डू द नीडफुल' सुद्धा. म्हणजे लिहिणारा आतच बसलेला होता.

सापडला तो फिल्टरमध्ये. संगणकावर जीमेल उघडून सेटिंगमध्ये 'फिल्टर्स' नावाचं पान असतं, तिथे सहसा कोणी फिरकत नाही. तिथे एक नियम करून ठेवलेला: त्या ग्राहकाकडून काहीही आलं की थेट कचऱ्यात टाका आणि वाचलेलं म्हणून खूण करा. ग्राहक विचारत होता, "खातं बदललं का हो?", चोर त्याला शेठच्या नावाने "हो" म्हणत होता, आणि शेठना दोन्ही मेल दिसत नव्हते. प्रकार उघडकीला आला तो ग्राहकाने शेवटी कंटाळून फोन केला म्हणून, "पैसे पाठवून आठवडा झाला, माल कधी निघतोय?" चोर आत कसा आला, तेही शोधल्यावर कळलं. महिनाभरापूर्वी 'कोटेशन' नावाची फाईल आली होती, उघडल्यावर तिने मेलचा पासवर्ड विचारला, आणि कारकुनाने तो टाकला. कोटेशन बघायला मेलचा पासवर्ड कशाला लागतो, हे त्या घाईत कोण विचारतं?

आप्पांचा पासवर्ड बदलून काही उपयोग नव्हता, कारण त्यांच्या घरात कोणी शिरलंच नव्हतं. नकली पत्त्यावर त्यांचा पासवर्ड चालत नाही. त्यांनी करायचं होतं ते एवढंच: सगळ्या गिऱ्हाइकांना फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर कळवायचं, तो पत्ता जीमेलकडे फसवणूक म्हणून नोंदवायचा. उलट शेठनी पासवर्ड बदललाच पाहिजे होता, पण तेवढ्याने भागलं नसतं. पासवर्ड बदलला तरी फिल्टर तसाच राहतो. 'फॉरवर्डिंग'मध्ये चोराने आपला पत्ता घातला असेल तर तोही तसाच राहतो, आणि तुमचा प्रत्येक मेल त्याच्याकडे जातच राहतो. म्हणून पासवर्डसोबतच फिल्टर, फॉरवर्डिंग, रिकव्हरीचा मोबाईल नंबर, आणि खात्यात लॉगिन असलेली सगळी उपकरणं बघायची, अनोळखी असतील ती बाहेर काढायची, आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डसोबत दुसरी खातरजमाही मागणारी सोय) चालू करायचं.

कॉम्प्युटर शिकलेली पोरं इथे एक हुशारी करतात. संगणकावर मेलच्या तीन टिंबांत 'शो ओरिजिनल' असतं, ते उघडून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या मेलच्या खरेपणाच्या तीन चाचण्यांसमोर 'पास' लिहिलंय का बघतात. 'पास' असलं की मेल खरा. हे अर्धंच खरं आहे. मेलची मूळ यंत्रणा 1982 ची. त्यात पाठवणाऱ्याचं नाव लिहायला कसलीच अडकाठी नव्हती, पाकिटाच्या मागे कोणीही कोणाचाही पत्ता लिहावा तसं. ती भोकं बुजवायला हे तीन पहारेकरी पुढे आले. पण ते फक्त इतकंच सांगतात की पत्त्यात @ च्या पुढे जे नाव आहे (जसं जीमेल डॉट कॉम), मेल तिथूनच आला. आप्पांची नक्कल जीमेलवरच उघडली होती, तिथून मेल खरोखरच गेला, म्हणून 'पास'. शेठचा मेल त्यांच्याच खऱ्या खात्यातून गेला, तोही 'पास'. 'फेल' दिसतं ते तिसऱ्या प्रकारात, जिथे चोर अक्षर न् अक्षर तुमचाच पत्ता लावतो पण मेल भलत्याच सर्व्हरवरून सोडतो. तो प्रकार आता बऱ्यापैकी आटोक्यात आहे, म्हणून इथेच सोडतो.

नक्कल म्हणजे साध्या माणसांना गाठायची साधी चलाखी असं वाटत असेल तर लिथुआनियातल्या एका इसमाची गोष्ट ऐका. त्याने 2013 ते 2015 या काळात, फेसबुक आणि गूगलला माल पुरवणाऱ्या तैवानी कंपनीच्या नावाची दुसरीच कंपनी लॅटव्हियात काढली, त्या नावाने बिलं आणि मेल पाठवले, आणि दोघांकडून मिळून 12 कोटी डॉलरच्या वर रक्कम उचलली. 2019 मध्ये त्याला अमेरिकेत 5 वर्षांची शिक्षा झाली. जीमेल बनवणारी कंपनी मेलवरून फसली, तर आपल्या मसालेवाल्याला काय म्हणणार.

पण आप्पांच्या प्रकरणात एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नव्हती. नकली मेलमध्ये बिल क्रमांक बरोबर होता, पोत्यांची संख्या बरोबर होती, रक्कम रुपयापर्यंत बरोबर होती. शेजारच्या नकली घरात बसलेल्याला हे कसं कळलं? कोणाच्या तरी खऱ्या घरात तो डोकावलाच असणार. आप्पांचं सगळं तपासलं: फिल्टर कोरा, फॉरवर्डिंग बंद, लॉगिन फक्त त्यांच्या मोबाईलचं आणि दुकानातल्या संगणकाचं. मग इंदूरवाल्याच्या मुनीमजींना त्यांची 'फॉरवर्डिंग'ची सेटिंग उघडायला लावली. तिथे एक अनोळखी पत्ता होता. आप्पांचं बिल इंदूरला पोचलं तेव्हाच त्याची एक प्रत चोराकडे पोचत होती. बोलणं त्याने आप्पांच्या नावाने केलं, कान मात्र इंदूरला लावला होता. हे दोन प्रकार असे हातात हात घालून येतात. म्हणून पत्ता नकली निघाला की तेवढ्यावर थांबायचं नाही. सौद्याचा तपशील बरोबर आहे का ते बघायचं, आणि असेल तर तो तपशील ज्या-ज्या मेलबॉक्समधून गेला ते सगळे उघडून बघायचे. यावर इंदूरवाल्याचा सूर एकदम खाली आला, ते वेगळं सांगायला नको.

पैशाचं काय? इथे दोन्ही जाती एक होतात, आणि वेळ महत्त्वाची ठरते. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन, किंवा सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार, सोबत आरटीजीएसचा 22 अक्षरांचा यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराची ओळख. रक्कम पुढच्या खात्यातून अजून निघाली नसेल तर गोठवता येते, एकदा ती चार-पाच खात्यांत फुटली की शोधत बसा. आपल्या बँकेलाही त्याच वेळी लेखी कळवा. मूळ मेल पुसू नका आणि पोलिसांना नुसता फॉरवर्ड करू नका. फॉरवर्ड केला की त्याच्या प्रवासाच्या खुणा जातात, 'शो ओरिजिनल'मधूनच तो डाऊनलोड करून द्या.

बँक भरून देईल ही आशा मात्र ठेवू नका. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाचा दाखला लोक देतात, तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. ते परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. इथे तर मुनीमजींनी स्वतःच्या हाताने पैसे पाठवलेत.

त्यातल्या त्यात एक चांगली सोय झाली आहे. पूर्वी आरटीजीएस आणि एनईएफटीत पैसे फक्त खाते क्रमांक बघून जमा व्हायचे, तुम्ही नाव काय लिहिलं याला किंमत नव्हती. मग 1 एप्रिल 2025 पर्यंत सगळ्या बँकांनी पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय द्यावी असा आदेश रिझर्व्ह बँकेने काढला. ते नाव वाचा. मिरचीच्या पेढीच्या जागी कुठल्यातरी 'एंटरप्रायझेस'चं नाव दिसलं तर तिथेच हात थांबवा. एक रुपया टाकून बघण्यात मात्र अर्थ नाही. चोराच्या खात्यातही एक रुपया बिनबोभाट जमा होतो आणि तो मेलवर "मिळाला" असं कळवतोही.

आणि फोन. मेलखाली छापलेल्या नंबरवर नाही, तो चोराचाच असतो. जुन्या बिलावरच्या नंबरवर, वहीत लिहिलेल्या नंबरवर.

आप्पा-इंदूरचा हिशोब शेवटी दलालाने मध्ये पडून मिटवला, कसा ते दोघांनीही मला सांगितलं नाही. त्यानंतर आप्पा जळगावला आले ते थेट रबरी शिक्क्याच्या दुकानात. 'आमचे बँक खाते बदलल्यास मेलने कळवले जाणार नाही, फोन करावा' असा शिक्का करून घेतला, निळ्या शाईचा. आता तो प्रत्येक बिलावर उमटतो. पहिल्या शिक्क्यात दुकानदाराने फोन नंबरचा एक आकडा चुकवला होता, तो आप्पांनीच पकडला.