वंशशोध, वसाहतकालीन अमेरिकी (मृत्युपत्रे व जमिनीचे दस्त)

उत्तर अमेरिकेतील इंग्रजांच्या तेरा वसाहतींत, साधारणपणे १६०७ मधील जेम्सटाउनच्या स्थापनेपासून १७७६ पर्यंत, राहिलेल्या घराण्यांच्या पिढ्या मृत्युपत्रे व जमिनीचे दस्त यांच्या आधारे जुळवण्याची पद्धत. मॅसॅच्युसेट्समध्ये १६३९ पासून गावोगावी जन्म, विवाह व मृत्यू नोंदवले जात. व्हर्जिनिया व तिच्या दक्षिणेकडे मात्र चर्चच्या नोंदवह्यांवर भिस्त होती आणि त्यांतील बऱ्याच आज उरलेल्या नाहीत. जमीन व मालमत्ता यांचे कागद मात्र हक्क शाबीत करण्यासाठी लागत, म्हणून ते अधिक काळजीने जपले गेले. बापाचे नाव सांगणारा दुसरा कोणताही कागद नसलेली असंख्य घराणी केवळ त्यांच्यामुळे ओळखता येतात.

मृत्युपत्र एकटे वाचले तर फसवते. ज्याला लग्नाच्या वेळीच जमीन मिळाली त्याचे नाव मृत्युपत्रात नसते, किंवा एखाद्या शिलिंगावर त्याची बोळवण होते. व्हर्जिनियात मृत्युपत्र न करता माणूस वारला की स्थावर मिळकत थोरल्या मुलाकडे जाई (हा ज्येष्ठाधिकार तेथे १७८५ मध्ये रद्द झाला), त्यामुळे खरा वारस कोण हे पुष्कळदा पुढे कधीतरी झालेल्या खरेदीखतातच कळते. विकणारा आपला हक्क कोठून आला हे त्यात सांगतो: आजोबांना मिळालेली सनद, बापाचे मृत्युपत्र, भावाचा निपुत्रिक मृत्यू. तीन पिढ्या एका परिच्छेदात उलगडणारे असे खत हाती येणे ही या शोधातील मोठी भाग्याची गोष्ट. खताला बायकोची संमती लागे, कारण विधवेला नवऱ्याच्या जमिनीच्या तिसऱ्या हिश्श्यावर तहहयात हक्क होता. न्यायालय तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारी आणि तिचा होकार नोंदवी. एका वर्षीच्या खतावर बायकोचे एक नाव आणि चार वर्षांनंतरच्या खतावर दुसरे असेल, तर मधल्या काळात काय घडले असावे याचा अंदाज बांधता येतो. विवाहनोंद नसताना एवढेही पुष्कळ असते.

व्हर्जिनियात विक्री अनेकदा लागोपाठच्या दोन दिवशी दोन कागदांनी होई. पहिल्या दिवशी नाममात्र रकमेचा भाडेपट्टा आणि दुसऱ्या दिवशी खऱ्या किमतीचे, मालकी सोडून देणारे मुक्तिपत्र. हे दोन वेगळे व्यवहार समजून नवखा संशोधक एकाच नावाची दोन माणसे उभी करतो. चतुःसीमाही काळजीने वाचाव्या लागतात. मोजणी साडेसोळा फुटांच्या ‘पोल’मध्ये, खुणा म्हणजे पांढरा ओक, ओढ्याचे तोंड, शेजाऱ्याची कड. झाड पडले की खूण गेली. म्हणून व्हर्जिनियात चर्चच्या पंचांकरवी ठरावीक वर्षांनी हद्दीवरून चालत जाऊन खुणा ताज्या करण्याची रीत होती. शेजाऱ्यांची नावे तर सर्वांत मोलाची: एकाच नावाच्या दोन माणसांतला कोण कुठला, हे पुष्कळदा त्याच्या बांधाला लागून कोण होते यावरूनच ठरते.

नातेदर्शक शब्दांनी जितके घोटाळे केले तितके हस्ताक्षरांनीही केले नसतील. सतराव्या शतकातील ‘कझिन’ बहुधा पुतण्या किंवा भाचा असतो. ‘सीनिअर’ आणि ‘ज्युनिअर’ हे बापलेक असतीलच असे नाही. एका गावात राहणारे काका-पुतणे, किंवा काहीच नाते नसलेले थोरले व धाकटे, हेही या शब्दांनी ओळखले जात. १७५२ मध्ये कॅलेंडर बदलेपर्यंत वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून त्यापूर्वीच्या जानेवारी ते मार्चमधील तारखा दुहेरी लिहिण्याचा प्रघात आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म जुन्या गणनेने ११ फेब्रुवारी १७३१/३२ चा, नव्या गणनेने २२ फेब्रुवारी १७३२ चा.

वॉशिंग्टन घराण्याचा मूळ प्रश्न. या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिचे धोके, दोन्ही एकाच घराण्यात इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसतात. जॉर्ज यांचे पणजोबा जॉन हे १६५६ च्या अखेरीस किंवा १६५७ च्या आरंभी व्हर्जिनियात आले. धाकटा भाऊ लॉरेन्स नंतर आला. ते इंग्लंडच्या कोणत्या शाखेचे, हे घराण्यात कोणालाच नेमके माहीत नव्हते. इंग्लंडमधील कुलचिन्हाधिकारी सर आयझॅक हर्ड यांनी विचारणा केली तेव्हा जॉर्ज यांनी १७९२ मध्ये उत्तर दिले की, आपण या विषयाकडे फारसे लक्ष दिलेले नाही. पूर्वज उत्तरेकडील एखाद्या परगण्यातून आले असे घरात ऐकिवात होते. हर्ड यांनी नॉर्थॅम्प्टनशरमधील सलग्रेव्हच्या वॉशिंग्टनांच्या वंशावळीत जॉन आणि लॉरेन्स हे सख्खे भाऊ पाहिले आणि तेच व्हर्जिनियाचे असे धरले. नावे जुळली, काळ बरा जुळला, आणि ही वंशावळ पुढे अनेक दशके जवळजवळ निर्विवाद मानली गेली.

१८६६ मध्ये वंशशोधक जोसेफ लेम्युएल चेस्टर यांनी ती मोडून काढली. वंशावळीतील जॉन हा ‘सर’ किताब मिळालेला, इंग्लंडमध्येच संसार करून तेथेच वारलेला. व्हर्जिनियाच्या जॉनला एकाही कागदात ‘सर’ म्हटलेले नाही. लॉरेन्स हा तर ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजचा फेलो आणि पुढे एसेक्समधील पर्ले येथील रेक्टर, म्हणजे तेथल्या चर्चचा पाद्री. चेस्टर यांच्या कामाचे मोल येथे आहे, की त्यांनी खोटे उत्तर काढून टाकले आणि दुसरे लगेच सुचवले नाही.

उत्तर १८८९ मध्ये वंशशोधक हेन्री फिट्झगिल्बर्ट वॉटर्स यांच्याकडून आले, तेही लंडनमधील मृत्युपत्रांच्या चिकाटीने केलेल्या वाचनातून. (परदेशी वारलेल्या इंग्रजाची इंग्लंडमध्ये मिळकत असली, तर प्रकरण बहुधा कँटरबरीच्या प्रेरोगेटिव्ह न्यायालयात, म्हणजे मृत्युपत्रे मंजूर करणाऱ्या चर्चच्या न्यायालयात जाई, ते दप्तर आज क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहे.) हर्टफर्डशरमधील ट्रिंग या गावच्या अँड्र्यू नोलिंग याने १६५० च्या सुमारास केलेल्या मृत्युपत्रात आपली जमीन धर्मपुत्र धाकटा लॉरेन्स वॉशिंग्टन याला दिली. ॲम्फिलिस वॉशिंग्टन हिला आणि जॉन, विल्यम, एलिझाबेथ, मार्गारेट, मार्था या मुलांनाही रोख रकमा ठेवल्या. ॲम्फिलिसला तो ‘डॉटर-इन-लॉ’ म्हणतो. आजच्या अर्थाने तो शब्द वाचला तर ती सून ठरते आणि सगळा शोध आडवाटेला लागतो. त्या काळी त्याचा अर्थ सावत्र मुलगी असाही होता, आणि येथे तोच आहे. ॲम्फिलिस ही पर्लेच्या त्याच रेक्टरची बायको. ८ फेब्रुवारी १६५५/५६ रोजी तिच्या मिळकतीची व्यवस्था पाहण्याचा अधिकार देणारे प्रशासनपत्र तिचा मुलगा जॉन याच्या नावे निघाले, आणि वर्षभराच्या आत एक जॉन वॉशिंग्टन पोटोमॅक नदीवर दिसतो.

येथवर हा फक्त भक्कम संभव आहे. तो पक्का होतो समुद्रापलीकडच्या कागदांनी. व्हर्जिनियाच्या जॉनने सप्टेंबर १६७५ मध्ये केलेल्या मृत्युपत्रात बहीण मार्था हिला इंग्लंडमधील पैशातून दहा पौंड आणि वर तंबाखू दिला आहे. येण्याच्या प्रवासखर्चापोटी ती आपले जे देणे लागेल तेही सोडले आहे. ही मार्था हेवर्ड हे सासरचे नाव घेऊन स्टॅफर्ड परगण्यात वारली. तिचे १६९७ चे मृत्युपत्र इंग्लंडमधील दोन बहिणींना तंबाखू ठेवते: थोरली एलिझाबेथ आणि दुसरी मार्गारेट. ट्रिंगच्या म्हाताऱ्याने ज्या तीन मुलींना पैसे ठेवले, त्याच तिघी सुमारे सत्तेचाळीस वर्षांनी दुसऱ्या खंडावरच्या कागदात पुन्हा एकत्र येतात. प्रस्तुत नोंदीत वॉटर्स यांचेच मत ग्राह्य धरले आहे. हर्ड यांचा लॉरेन्सही वंशावळीत परतला, मात्र स्थलांतरितांपैकी एक म्हणून नव्हे, तर त्यांचा बाप म्हणून; एक पिढी चुकली होती. १६४३ मध्ये संसदेच्या बाजूच्या लोकांनी त्याला पर्लेच्या पदावरून हटवले होते. १५३९ मध्ये सलग्रेव्हची जागीर घेणाऱ्या लॉरेन्स वॉशिंग्टनचा तो पणतू. त्याहून मागे, डरहॅम परगण्यातील वॉशिंग्टन गावापर्यंतची साखळी सामान्यतः मान्य आहे, पण तिचे दुवे इतक्या जवळच्या कागदांवर उभे नाहीत.

जमिनीची बाजू. जॉनच्या मृत्युपत्रात आणखी एक कलम आहे: कर्नल निकोलस स्पेन्सर याच्याबरोबर भागीत असलेल्या पाच हजार एकरांतील आपला अर्धा हिस्सा मुलगा लॉरेन्सला. ही लिटल हंटिंग क्रीकवरील १६७४ ची देणगी. लॉरेन्सने १६९८ मध्ये आपला हिस्सा मुलगी मिल्ड्रेड हिला ठेवला. १७२६ मध्ये तिने व नवरा रॉजर ग्रेगरी याने तो तिचा भाऊ ऑगस्टिन (जॉर्ज यांचे वडील) याला १८० पौंडांना विकला. ऑगस्टिनकडून तो थोरला मुलगा लॉरेन्स याच्याकडे गेला आणि त्याने त्याला माउंट व्हर्नन हे नाव दिले. लॉरेन्स १७५२ मध्ये वारला. जॉर्ज यांनी १७५४ पासून ही जागा त्याच्या विधवेकडून भाड्याने घेतली आणि १७६१ मध्ये ती वारल्यावर मालकी त्यांच्याकडे आली. मृत्युपत्र, खरेदीखत, भाडेपट्टा असे तिन्ही प्रकार एका जागेच्या इतिहासात आहेत. जागा हललेली नाही, परगणा मात्र बदलत गेला: आधी स्टॅफर्ड, १७३१ पासून प्रिन्स विल्यम, १७४२ पासून फेअरफॅक्स. म्हणजे कागद तीन कचेऱ्यांत शोधावे लागतात. शिवाय या भागातील मूळ देणग्या राजाच्या नव्हे, तर नॉर्दर्न नेक या प्रदेशाच्या खाजगी मालकांच्या वेगळ्या दप्तरात होत्या.

अन्यत्र व्हर्जिनियात ‘हेडराइट’ पद्धतीने, वसाहतीत आणलेल्या माणसामागे पन्नास एकर मिळत. सनदेतील त्या नावांना स्थलांतराचा पुरावा मानतात, पण हे हक्क विकले जात आणि कधी वर्षानुवर्षे पडून राहत. सनदेचे वर्ष हे आगमनाचे वर्ष धरू नये.

गुलाम केलेल्या माणसांच्या वंशजांना हेच कागद वाचावे लागतात, वेगळ्या वेदनेने. मृत्युपत्रांत आणि मालमत्तेच्या याद्यांत त्यांची नावे गुरांच्या व भांड्यांच्या ओळींत किमतीसह येतात, आडनावाशिवाय. व्हर्जिनियात १७०५ च्या कायद्याने त्यांना स्थावर मिळकत ठरवले होते आणि ती तरतूद १७९२ पर्यंत राहिली. म्हणून त्यांचा माग जमिनीच्या दस्तांतही लागतो. आई आणि मुले वेगवेगळ्या वारसांकडे गेली की त्या वारसांचे पुढचे कागद काढल्याखेरीज कुटुंब पुन्हा जुळत नाही. मालकाच्या घराण्याची वंशावळ हेच येथे साधन ठरते. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९९ च्या मृत्युपत्राने स्वतःच्या मालकीच्या १२३ जणांच्या मुक्तीची तजवीज केली. पत्नीच्या पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीतून आलेल्या १५३ जणांना सोडण्याचा अधिकार त्यांना नव्हता. या दोन गटांत लग्ने झालेली होती.

उत्तरेकडे पद्धत थोडी निराळी. मॅसॅच्युसेट्समध्ये मृत्युपत्र नसेल तर थोरल्या मुलाला दुप्पट वाटा मिळे, पण बाकीच्या मुलांनाही जमीन मिळे, त्यामुळे वाटणीपत्रांत सगळी भावंडे सापडतात. कनेक्टिकट व ऱ्होड आयलंडमध्ये दस्त परगण्यात नव्हे, गावात नोंदले जात. न्यूयॉर्कमध्ये डच घराण्यांत पतिपत्नीचे एकत्रित मृत्युपत्र असे आणि बाई माहेरचे नाव राखी, जे इंग्रजी कागदांत जवळजवळ अशक्य आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्वजांची हौस वाढली तशी बनावटही वाढली. गुस्ताव्ह आंझू (मृत्यू १९४२) याने श्रीमंत गिऱ्हाइकांना विकलेल्या वंशावळींत अस्तित्वात नसलेली मृत्युपत्रे घातली होती, आणि त्यांतील चुका अजूनही नव्या वंशावळींत उतरतात. मूळ नोंदवही पाहणे एवढाच त्यावर उपाय.

मूळ नोंदवही असेलच असे मात्र नाही. यादवी युद्धात व्हर्जिनियाच्या अनेक परगण्यांनी आपली दप्तरे सुरक्षिततेसाठी रिचमंडला पाठवली आणि एप्रिल १८६५ च्या आगीत ती तेथेच जळाली. जॉर्ज यांचे मृत्युपत्रही फेअरफॅक्सहून रिचमंडला नेले होते; ते वाचले. त्यांच्या पत्नी मार्था वॉशिंग्टन यांचे मृत्युपत्र फेअरफॅक्समध्येच राहिले आणि तेथून एका उत्तरेकडील लष्करी अधिकाऱ्याने ते उचलले. पुढे ते बँकर जे. पी. मॉर्गन यांच्या संग्रहात गेले. व्हर्जिनियाने दावा लावल्यावर १९१५ मध्ये ते परत आले, आणि आज दोन्ही मृत्युपत्रे फेअरफॅक्सच्या न्यायालयाच्या दप्तरात आहेत.