तरवड

शिंबावंत (शेंगा धरणाऱ्या) कुळातील पिवळ्या फुलांचे, बारमाही हिरवे झुडूप. शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा. लिनीअसने १७५३ मध्ये ते कॅसिया वंशात घातले होते, म्हणून जुन्या पुस्तकांत कॅसिया ऑरिक्युलाटा असे सापडते. संस्कृतात आवर्तकी, तमिळमध्ये आवारम, तेलुगूत तंगेडु. टाकळा आणि सोनामुखी ही याची सख्खी भावंडे.

महाबळेश्वरी धो धो पाऊस कोसळत असतो तेव्हा माण-खटाव, आटपाडी, जतच्या माळांवरून ढग नुसते पुढे जातात. तिथल्या मुरमात कुसळी गवताच्या जोडीने टिकतो तो तरवड. पाळे खोल जातात, तोडला तरी बुडख्यातून पुन्हा फुटतो. पण खरे कारण वेगळे आहे. शेळ्या-मेंढ्या याच्या पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत. भोवतालचा माळ चरून भुंडा झाला तरी हा हिरवागार उभा. शिंबावंत असूनही याच्या मुळांवर हवेतला नत्र धरणाऱ्या गाठी मात्र येत नाहीत.

पानाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी दोन गोल उपपर्णे असतात; ‘ऑरिक्युलाटा’ म्हणजे कानवाला, तो यांच्यामुळेच. पाऊस सरता सरता फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस येतात. पाच पाकळ्या, दहा पुंकेसर, त्यांतले वरचे तीन खुरटलेले. परागकोश उलत नाहीत, टोकाच्या बारीक छिद्रातूनच पराग सुटतात. काळा भुंगा फुलाला घट्ट धरतो आणि अंग थरथरवतो; गुणगुण एकदम चढते आणि पिवळी भुकटी त्याच्या पोटावर सांडते. सकाळी माळावर जाऊन हे एकदा कान देऊन ऐकावेच.

हा बहर नेमका नवरात्रात सापडतो, म्हणून घटाच्या माळेत तरवडाची फुले असतात. पाण्याच्या टंचाईच्या गावात बागेतली फुले कुठून आणणार? माळच देवीसाठी फुले राखून ठेवतो. तेलंगणात देवीसाठी बतुकम्मा, म्हणजे फुलांची उतरंड, रचतात तीतही ही फुले असतात.

सालीत टॅनिन भरपूर असते. कातडी कमावणारे बाभळीची साल आणि हिरड्याबरोबर ती वापरत. क्रोमची रसायने आल्यावर तिची मागणी ओसरली. मधुमेहावर फुलांचा काढा पितात, पण त्याच्या भरवशावर चालू औषध बंद करू नये.

टेंभू, म्हैसाळ, उरमोडी या सिंचन योजनांचे पाणी आले आणि माळ सपाट होऊन डाळिंब-उसाखाली जाऊ लागले. पाणी हवेच होते, त्याबद्दल दुमत नाही. पण जमीन सपाट करताना बांधावरचा तरवडही उपटला जातो, तो तरी राहू द्यावा. लावायचाच असेल तर हिवाळ्यात वाळलेल्या चपट्या, कागदासारख्या शेंगा गोळा कराव्यात. एकेकीत बारा ते वीस बिया निघतात. कवच कठीण असते. बी वाळूत घासून रात्रभर पाण्यात भिजवावे आणि मृगाच्या सरीला बांधावर टोकावे. शेळ्यांपासून राखण करावी लागत नाही.